खाल्लेले अंगी का लागत नाही?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

मराठीत 'अंगी लागणे' असा एक वाक्प्रचार आहे. खाल्ले, पचले, एवढ्यावर आपली भाषा थांबत नाही. खाल्लेले अंगी लागले काय, हे ती वेगळे विचारते. आमच्याकडे एखादे मूल वाळत चालले की म्हाताऱ्या बायका 'त्याच्या अंगी लागत नाही' असे म्हणतात आणि दृष्ट काढायला मीठमोहऱ्या आणतात. दृष्टीचा भाग सोडून द्या. पण त्यांच्या या वाक्यात जे निरीक्षण आहे, त्याचा पुरता अर्थ वैद्यकाला लागायला विसाव्या शतकाचा बराच काळ जावा लागला. तोंडात गेलेले अन्न आणि शरीराला मिळालेले अन्न या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये आतडे नावाचा एक लांबलचक मुलूख पसरलेला आहे. बालकांच्या कुपोषणाविषयी बोलताना आपण या मुलुखाचा विचार बहुधा करीतच नाही. प्रस्तुत लेखात तोच करावयाचा आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरता. हा विषय हाती आला तो अर्थशास्त्राच्या तासाला. दारिद्र्यरेषा शिकविताना सरांनी सांगितले की, १९७९ साली ही रेषा उष्मांकांवर आखली गेली : खेड्यात माणशी रोज २४०० आणि शहरात २१०० उष्मांक ज्या खर्चात मिळतील, त्या खर्चाची ती रेषा. मी विचारले, "सर, हे उष्मांक खाल्लेले की अंगी लागलेले?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "याचे उत्तर कला महाविद्यालयात मिळणार नाही," असे म्हणून त्यांनी शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या मॅडमना चिठ्ठी लिहून दिली. मॅडमनी दिलेली पुस्तके आणि निबंध पुढचे तीन महिने मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्यातून जे उमगले ते माझ्यासारख्याच वाचकांसाठी मांडीत आहे.

प्रथम प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, म्हणजे दर तिघांत एकाहून थोडी अधिक. उंचीच्या मानाने लुकडी मुले २५.६ टक्के. संपूर्ण देशाचा बुटकेपणाचा आकडा ३५.५ टक्के, म्हणजे उद्योगधंद्यांत पुढारलेले आपले राज्य या बाबतीत देशाच्या सरासरीला चिकटूनच आहे. बुटकेपणा म्हणजे आईबाप बुटके म्हणून मूल बुटके, असा अर्थ येथे घ्यावयाचा नाही. पहिल्या दोन वर्षांत जी वाढ व्हावयास हवी होती ती झाली नाही, याची ती शरीरावर उमटलेली नोंद आहे.

या नोंदीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न फार जुना आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टर पश्चिम आफ्रिकेत गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करीत होत्या. १९३३ साली त्यांनी एका बालरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले : पाय सुजलेले, कातडी सोललेली, केस विटलेले, मूल किरकिरे. तेथील गा भाषेत त्या रोगाला जे नाव होते तेच त्यांनी पुढे वैद्यकात रूढ केले, क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आले की वरच्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा साधारण अर्थ. अंगावरचे दूध तुटले आणि मूल मक्याच्या पेजेवर आले की हा रोग दिसे, हे त्या भागातील आयांना ठाऊक होते आणि बाईंनी ते ऐकून घेतले. (एका परकीय डॉक्टरने रोगाचे नाव तिथल्या बायकांच्या तोंडून उचलावे, ही गोष्ट मला फार आवडली.) त्यानंतरची कित्येक वर्षे जगभर प्रथिनांची उणीव शोधण्यात गेली, मग उष्मांकांची उणीव शोधण्यात. दोन्ही विचार ताटापाशी सुरू होत आणि ताटापाशीच संपत.

पण ताटाचा हिशेब जुळेना. १९९६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी युनिसेफच्या वार्षिकात 'आशियाई कोडे' मांडले. आफ्रिकेतील कित्येक देश भारतापेक्षा गरीब असताना भारतीय उपखंडातील मुले त्यांच्याहून अधिक कुपोषित का? उत्तर देताना त्यांनी बाईच्या घरातील स्थानाकडे, गरोदरपणीच कमी वजनाच्या जन्मणाऱ्या बाळांकडे आणि अस्वच्छतेकडे बोट दाखविले. यातील पहिली दोन कारणे एका स्वतंत्र लेखाची मागणी करतात. मी तिसऱ्याचा धागा धरून आत जाते. 'आत' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा.

लहान आतडे म्हणजे गुळगुळीत नळी नव्हे. त्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. या लवेच्या प्रत्येक तंतूला रसांकुर म्हणतात. रसांकुराची उंची जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर, पण ते इतके दाट असतात की त्यांच्यामुळे शोषणाची जागा कितीतरी पटींनी वाढते. मोठ्या माणसाच्या पचनमार्गाचे सारे आतले अस्तर उलगडून पसरले तर टेनिसचे मैदान भरेल, असे पूर्वीच्या पुस्तकांतून सांगत. २०१४ साली नव्याने मोजणी झाली, तेव्हा ते क्षेत्र सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाएवढे निघाले. तेही थोडे नाही. रसांकुरांवरील पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. आज सकाळच्या भाकरीचा रस ज्या पेशींनी शोषला, त्या पुढच्या आठवड्यात असणारही नाहीत. म्हणून आतड्याला सतत दुरुस्तीचे सामान लागते, आणि ते सामान अन्नातूनच यावयाचे. येथेच पहिला पेच पडतो : अन्न शोषायला धड आतडे हवे आणि धड आतड्याला अन्न हवे.

घाण पाणी, माती, माश्या यांच्या वाटेने विष्ठेतले जीवाणू रोज थोडेथोडे पोटात जात राहिले, तर काय होते? जुलाब होतीलच असे नाही. मूल हसते-खेळते असू शकते. पण आतड्याच्या अस्तराला कायमची धग लागून राहते. रसांकुर आखूड होतात, एकमेकांस चिकटतात. उभ्या ज्वारीत गुरे शिरून जावीत तसे ते शेत आडवे होते. शोषणाची जागा घटते. पेशींमधले सांधे सैल होतात आणि जीवाणूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. त्यांना थोपवायला शरीर आपली फौज उभी करते. तिचा खर्चही त्याच तुटपुंज्या अन्नातून. शिवाय असा दाह चालू असला की हाडे वाढविणाऱ्या संप्रेरकांची पातळी उतरते. शरीर जणू ठरविते की आधी जीव राखू, उंचीचे नंतर पाहू. या स्थितीला पूर्वी 'उष्ण प्रदेशातील आतड्याचा विकार' म्हणत. आता 'पर्यावरणजन्य' असे विशेषण लावतात. नाव बदलले ते बरे झाले, कारण दोष उन्हाचा नाही.

तो दोष रक्ताचा वा वंशाचाही नाही, याचा पुरावा जुना आणि मोठा रंजक आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या पीस कोअर संघटनेचे तरुण स्वयंसेवक तेव्हाच्या पाकिस्तानात खेडोपाडी राहिले. चांगले धडधाकट, दूधलोणी खाऊन वाढलेले तरुण. पण त्यांच्या आतड्यांचे नमुने तपासले तेव्हा अनेकांचे रसांकुर बिघडलेले आढळले. हा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला. ते मायदेशी परतल्यावर आतडी पुन्हा सुधारत गेली. त्याच संशोधकांनी न्यूयॉर्कला राहावयास गेलेल्या भारतीय व पाकिस्तानी लोकांचीही तपासणी केली, तेव्हा त्यांचीही आतडी तेथील वास्तव्यात हळूहळू सुधारल्याचे १९७१ साली दिसून आले. म्हणजे जागा बदलली, आतडे बदलले. आपल्याकडे 'या लोकांची पोरे अशीच असतात' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हे दोन अभ्यास अवश्य वाचावेत.

दीड वर्षाच्या मुलाच्या आतड्यात दुर्बीण घालणे हे काही रोजचे काम नव्हे. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. मुलाला दोन प्रकारच्या साखरा पाण्यातून पाजायच्या. एक लहान रेणूची, मॅनिटॉल. ती धड आतड्यातून सहज शोषली जाते. दुसरी मोठ्या रेणूची, लॅक्ट्युलोज. ती धड आतड्यातून जवळजवळ आत शिरतच नाही. मग काही तास मुलाची लघवी गोळा करून दोन्ही साखरा मोजायच्या. पहिली कमी उतरली तर शोषण घटले आहे; दुसरी जास्त उतरली तर भिंत झिरपते आहे. पहिली धान्य घेणारा दरवाजा तपासते, दुसरी कुंपणातली भोके. आफ्रिकेतील गांबिया देशात तान्ह्या मुलांवर अशी तपासणी महिनोन्‌महिने करण्यात आली. तेथे वाढीत पडलेल्या खंडापैकी ४३ टक्क्यांपर्यंतच्या भागाची संगती आतड्याच्या इजेशी लागते, असे १९९१ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीत उणिवा आहेत आणि प्रत्येक ठिकाणी एवढा मोठा आकडा मिळालेला नाही. तथापि जो प्रश्न माझ्या वर्गाला हसण्याजोगा वाटला, तो कोणीतरी बाटलीत लघवी धरून मोजला होता, याचे मला समाधान वाटले.

ही झाली छुपी धग. उघड जुलाबांची गोष्ट अधिक परिचयाची आहे. लिओनार्दो माता या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात ग्वाटेमाला देशातील सांता मारिया काउके या खेड्यातील मुलांच्या जन्मापासून नोंदी ठेवविल्या. १९७८ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात एकेका मुलाचा आलेख आहे : वर वजनाची रेघ, खाली आजारांच्या पट्ट्या. पहिले सहा महिने, अंगावरच्या दुधावर, रेघ छान चढते. मग जुलाब, ताप, खोकला, पुन्हा जुलाब, अशा पट्ट्यांची रांग लागते आणि वरची रेघ आडवी पडते. दोन दुखण्यांच्या मध्ये झीज भरून काढायला जेवढे दिवस हवेत, तेवढे त्या मुलांना मिळतच नव्हते. पुढे निरनिराळ्या देशांतील नऊ अभ्यास एकत्र करून २००८ साली अनुमान काढण्यात आले की, दोन वर्षांच्या वयात दिसणाऱ्या बुटकेपणाचा सुमारे चौथा हिस्सा हा जुलाबाच्या पाच किंवा अधिक दुखण्यांच्या पदरी घालता येतो.

तो आलेख मी बराच वेळ पाहत बसले होते, कारण तसा एक आलेख मी घरात पाहिला आहे. माझे आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी टोळी निघे, ती उन्हाळा लागल्यावर परते. एका वर्षी मी धाकट्या बहिणीला सांभाळण्यासाठी बरोबर गेले होते. ती तेव्हा सव्वा वर्षाची होती. आई पहाटे तीनला उठून भाकरी करी आणि कोयता घेऊन वडिलांबरोबर फडात जाई. पिण्याचे पाणी कालव्याचे. कोपीपासून वीस पावलांवर बैल बांधलेले, आणि संडास म्हणजे उसाची सरी. बहीण रांगता रांगता चालू लागली ती याच मातीत. तिला खायला मिळत नव्हते असे मुळीच नाही. डाळीच्या पाण्यात कुस्करलेली भाकरी मी स्वतः तिला दिवसातून तीनदा भरवीत असे. त्या हंगामात तिला चार वेळा हगवण लागली. गावी परतल्यावर अंगणवाडीत वजन केले, तर पाच महिन्यांत ती पाव किलो वाढली होती. त्या वयात एवढ्या काळात किलोभर तरी वजन वाढावयास हवे. तक्त्यावर तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरला. पुढे एका दवाखान्यात आईला विचारण्यात आले, "बाई, पोरीला खायला घालता की नाही?" आई काही बोलली नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या किती बायांना रोज विचारला जात असेल! त्यात गृहीत धरलेले असते की, ताट आणि वजन यांच्या मध्ये दुसरे काही नाहीच. मग वजन उतरले की दोष ताट वाढणारीचा. कालव्याला कोणी काही विचारीत नाही. वीस पावलांवरच्या बैलांना, नसलेल्या संडासाला, हंगामभर बंद पडलेल्या अंगणवाडीच्या नोंदीला कोणी जाब विचारीत नाही. आतड्याच्या शास्त्राचे माझ्या दृष्टीने पहिले काम हे की, त्याने या प्रश्नाचा रोख बदलावा.

जुलाबाच्या बाबतीत आपल्याच भागात झालेले एक थोर काम येथे सांगितले पाहिजे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर (ग्लुकोज), मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून त्यांचे पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले व रोग्यांना पाजावयास सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते ते चार टक्क्यांच्या खाली आले. यामागची युक्ती आतड्याचीच आहे : अस्तरातील एक दरवाजा असा आहे की तेथून ग्लुकोज आत जाताना मीठ बरोबर घेऊन जाते आणि मिठामागून पाणी जाते. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा बहुधा शाबूत राहतो. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. जलसंजीवनीने मुले वाचली, कोट्यवधी वाचली. मात्र वाचलेले मूल वाढेल याची हमी ती देत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही.

आता या कथेतील सर्वांत नवा भाग. आतड्यातील सगळेच जीवाणू शत्रू नसतात. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. दुधातील घन पदार्थांत दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल त्यांचेच प्रमाण आहे. बाळाला न पचणारी वस्तू आईने एवढ्या कष्टाने का बनवावी? तर ती बाळासाठी नाहीच. बाळाच्या आतड्यात राहणाऱ्या बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जीवाणूंचा तो शिधा आहे. ते जीवाणू तो खाऊन आतड्याची भिंत राखतात आणि वाईट जीवाणूंना जागा मिळू देत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत वरचे पाणीसुद्धा देऊ नये, असे आशाताई घरोघर सांगतात, त्याला हाही एक आधार आहे. बाळगुटीला माझा विरोध नाही असे आजीला मी सांगितले. सहाणेवर घेतलेल्या पाण्याला आहे.

दूध तुटून मूल वरच्या अन्नावर येते तसे हे जीवाणूही बदलतात, आणि दोन-तीन वर्षांत मोठ्या माणसांसारखी त्यांची वस्ती तयार होते. अमेरिकेतील सेंट लुई येथील जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांच्या गटांनी २०१४ साली दाखविले की, तीव्र कुपोषित मुलांत ही वस्ती वयाच्या मानाने लहान राहते. मूल दीड वर्षाचे, पण आतड्यातील जीवाणू त्याहून कितीतरी कोवळ्या बाळाला शोभणारे! त्या मुलांना उपचार म्हणून काहींना शेंगदाण्याची तयार पाकिटे, तर काहींना स्थानिक खिचडी-हलवा देण्यात आला. दोन्हींनी जीवाणूंची वस्ती थोडी सुधारली, पण आहार थांबल्यावर काही महिन्यांत ती पुन्हा मागे पडली.

पण वस्ती बिघडली म्हणून मूल खंगले, की मूल खंगले म्हणून वस्ती बिघडली? मालावी देशातील जुळ्यांच्या अभ्यासाने याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जुळ्यांच्या ३१७ जोड्यांवर त्यांच्या वयाच्या तीन वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यात आले. घर एक, आई एक, चूल एक. तरी ४३ टक्के जोड्यांत एक मूल कुपोषित झाले आणि दुसरे झाले नाही. मग अशा काही जोड्यांतील दोन्ही मुलांचे जीवाणू घेऊन, जन्मापासून जंतुरहित ठेवलेल्या उंदरांच्या पोटांत सोडले. आजारी जुळ्याचे जीवाणू मिळालेल्या उंदरांचे वजन झपाट्याने घटले. मात्र त्यांना मालावीतील मक्याचा निकस आहार दिला तेव्हाच. चांगल्या आहारावर तसे झाले नाही. मला या प्रयोगाचा हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. एकटे जीवाणू गुन्हेगार नाहीत, एकटे अन्नही नाही. दोघांची संगत वाईट.

२०२० साली ढाक्याच्या झोपडवस्तीतील मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'बीड' असा शब्द होतो. मी त्याच जिल्ह्यातली असल्याने दचकलेच! पूरक आहार देऊनही न वाढलेल्या मुलांची आतडी त्यात प्रत्यक्ष दुर्बिणीने पाहण्यात आली. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जे जीवाणू सापडले, त्यांतील काहींचे प्रमाण जितके अधिक तितकी मुलाची उंची कमी, असा संबंध दिसला.

तर मग संडास बांधले की प्रश्न सुटेल काय? माझीही तशीच अपेक्षा होती, पण पुरावा सरळ नाही. २००४ साली आपल्याच अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात काही गावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून स्वच्छता मोहीम राबविण्यात आली. तेथील मुलांची उंची इतर गावांतील मुलांच्या मानाने वाढलेली आढळली. उलट ओडिशाच्या पुरी जिल्ह्यातील १०० गावांच्या अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, संडास असलेली घरे ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली, तरी ना जुलाब घटले ना उंची वाढली. पुष्कळ संडास बांधले गेले पण वापरले गेले नाहीत. त्याहून मोठे प्रयोग बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे झाले. त्यांचे निष्कर्ष २०१८ व २०१९ मध्ये आले. पाणी शुद्ध करण्याचे औषध, संडास, हात धुण्याची सोय यांनी बांगलादेशात जुलाब कमी झाले, पण उंची कोठेच वाढली नाही. पूरक आहाराने ती थोडी वाढली. पुष्कळांचा विरस झाला. मला मात्र वाटते की, या प्रयोगांनी स्वच्छतेचे महत्त्व खोडून काढले नाही. अर्धीमुर्धी स्वच्छता पुरत नाही एवढेच सिद्ध केले. झिम्बाब्वेतील संशोधक रांगत्या मुलांजवळ तासन्‌तास बसून ती तोंडात काय घालतात याच्या नोंदी करीत होते. त्यांत माती होती, कोंबडीची विष्ठा होती. घराच्या कोपऱ्यात संडास असला, तरी अंगणातली कोंबडी तो वापरीत नाही. नळाचे पाणी, शेणाची योग्य जागा, शेजाऱ्याचाही संडास, सारवलेली किंवा फरशीची जमीन, हे सारे एकदम झाले तरच त्या मुलाच्या तोंडाची वाट बंद होईल. साबणाच्या वडीने एवढा मोठा प्रश्न सुटावा ही अपेक्षाच स्वस्तातली आहे.

येथे एक धोका सांगून ठेवते. आतड्याची ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, 'पाहा, प्रश्न अन्नाचा नाहीच!' तसे म्हणणे हा शुद्ध कांगावा होईल. वर सांगितलेल्या उंदरांना पोसले ते चांगल्या अन्नानेच. रसांकुरांची रोजची दुरुस्ती अन्नानेच व्हावयाची. ज्या घरात डाळ पातळ होत जाते आणि अंडे सणालाही येत नाही, तेथे आतड्याचे निमित्त सांगून शिधा कमी करणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणीच ओतू नका असे सांगणे. हंडाही सांधायला हवा आणि पाणीही हवे, आणि ते अधिक हवे.

कोणते अन्न, याचाही शोध आता लागू लागला आहे. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या, मध्यम कुपोषित अशा १२३ मुलांवर एक प्रयोग झाला आणि २०२१ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या जीवाणूंची वस्ती वयात यावी, या हेतूने बनविलेले खाद्य निम्म्या मुलांना तीन महिने दिवसातून दोनदा दिले. उरलेल्यांना नेहमीचे पूरक खाद्य. नव्या खाद्यात उष्मांक कमी होते, तरी त्या मुलांची वाढ अधिक वेगाने झाली. उष्मांकांवर आखलेली आमच्या पुस्तकातली रेषा येथे मला पुन्हा आठवली. प्रयोग लहान आहे, तेव्हा त्यावरून ढोल वाजविण्याचे कारण नाही. पण त्या खाद्यातले मुख्य जिन्नस वाचून मी ती यादी फोनवर आईला वाचून दाखविली : हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सोयाबीनचे पीठ, केळे. आई म्हणाली, "ह्यातलं काय आपल्याकडं मिळत न्हाई?" सोयाबीन तर आमच्या तालुक्यात पिकते आणि पोत्यांनी बाहेर जाते.

बहीण आता चौथीत आहे. हुशार आहे. प्रार्थनेच्या रांगेत तिला उंचीमुळे सर्वांत पुढे उभी करतात. ज्यांच्या घरी लहान मूल आहे अशा वाचकांसाठी मॅडमनी आवर्जून लिहावयास सांगितलेल्या गोष्टी अशा : जुलाब लागल्यावर अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये, पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालून ते घोटघोट पाजावे, दुखणे सरल्यावर काही दिवस मुलाला रोजच्यापेक्षा एक वेळ जास्त भरवावे. आणि अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यावयाच्या असतात. पुष्कळ घरांत त्या तिसऱ्या दिवशी फळीवर जातात.